पीसीओएसवर किती खापर फोडायचं? शरीरसंबंध, लघवी आणि अंडाशय

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘दोन्ही ओव्हरी बल्की, पेरिफेरल फॉलिकल्स’ (म्हणजे अंडाशय मोठे, कडेने बारीक बीजपिशव्या) अशी एक ओळ येते आणि त्या दिवसापासून मुलीच्या प्रत्येक तक्रारीचं नाव ‘पीसीओडी’ होऊन बसतं. वजन वाढलं, पीसीओडी. हनुवटीवर केस आले, पीसीओडी. पुढे लघवीला जळजळ झाली, संबंधाच्या वेळी दुखलं, खोकताना थेंब सुटला, तर तेही त्याच खात्यावर. यातल्या काही तक्रारींचा पीसीओएसशी (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि संप्रेरकांच्या या विकाराशी) खरंच संबंध आहे, काहींचा आडवळणाने आहे आणि काहींचा मुळीच नाही. हा फरक केला नाही की भलतंच औषध वर्षभर चालू राहतं आणि खरं दुखणं तसंच राहतं.

आधी नावाचा घोळ. पीसीओडी हा सौम्य आणि पीसीओएस हा गंभीर, असे दोन आजार नाहीत. आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच दुखण्यासाठी वापरतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली याचं वर्णन केलं. तेव्हापासून चिकटलेला ‘सिस्ट’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण अंडाशयात दिसतात त्या गाठी नसतात. त्या २ ते ९ मिलिमीटरच्या, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपिशव्या असतात. त्या फुटत नाहीत, दुखत नाहीत आणि ऑपरेशनने काढायच्याही नसतात.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता; पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, मग ती केस-मुरुमांच्या रूपात दिसो वा रक्ततपासणीत; आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफी लागतच नाही. उलट पाळी नियमित, चेहरा स्वच्छ आणि फक्त रिपोर्टवर ती ओळ, एवढ्यावर हा आजार ठरत नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आतल्या मुलींमध्ये तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये, असं २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसतं. तरीही पंधरा-सोळाच्या मुलींच्या फायलींत हेच रिपोर्ट लावलेले असतात.

इन्शुलिनपासून सुरुवात

पीसीओएस असलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. शरीर त्यावर उपाय म्हणून आणखी इन्शुलिन तयार करतं. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला उठवतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, ते इन्शुलिनमुळे घटतं. म्हणजे उत्पादनही वाढलं आणि लगामही सैल झाला. त्यातून केस, मुरुम, डोक्यावरचं विरळ होणं आणि बीज वेळेवर न सुटणं हे सगळं होतं. सडपातळ मुलींमध्येही हे होऊ शकतं, त्यामुळे ‘तू तर बारीक आहेस, तुला कसलं पीसीओडी’ या वाक्याला अर्थ नाही.

आता स्वाभाविक प्रश्न येतो. टेस्टोस्टेरॉनला कामेच्छेचं संप्रेरक म्हणतात, मग इथे इच्छा वाढायला हवी ना? प्रत्यक्षात तसं होत नाही. पाहण्यांमध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांची इच्छा, उत्तेजना, ओलावा आणि समाधान सरासरीने थोडं कमीच आढळतं. हा फरक फार मोठा नसतो. आपण आकर्षक नाही ही भावना मात्र ठळकपणे समोर येते. दिवा बंद करायला लावणं, गळ्याजवळ हात आला की मान फिरवणं, हनुवटीला स्पर्श झाला की अंग आखडणं. यामागे बहुतेकदा संप्रेरकांपेक्षा सकाळी घाईत काढलेले आणि संध्याकाळपर्यंत टोचायला लागलेले केस असतात. त्यात चिंता आणि नैराश्य या आजारात जास्त प्रमाणात दिसतं आणि दोन्ही इच्छा मारतात. म्हणूनच निदान झाल्यावर मनःस्थितीचीही चौकशी करावी, असं वर सांगितलेल्या २०२३ च्या सूचनांत म्हटलं आहे. पाच मिनिटांच्या ओपीडीत ती होतेच असं नाही.

कोरडेपणाबद्दल एक नेमकी गोष्ट. पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा इस्ट्रोजेन घटल्यामुळे येतो. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन सहसा कमी नसतं. त्यामुळे तरुणपणी कोरडेपणा जाणवला तर आधी बघायचं ते हे: उत्तेजनाला पुरेसा वेळ मिळतो का, गर्भनिरोधक गोळ्या किंवा नैराश्याची औषधं चालू आहेत का, बुरशीचा संसर्ग आहे का. तात्पुरता उपाय म्हणून पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे हात पटकन खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. कंडोम वापरत असाल तर ते टाळा; तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. मूल हवं असेल तर शुक्रजंतूंना अपाय न करणारं ल्युब्रिकंट डॉक्टरांना विचारून घ्या, कारण साधी ल्युब्रिकंटही त्यांची हालचाल मंदावू शकतात.

जांघेतला काळेपणा

मान, काख आणि जांघेतली त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होणं ही वाढलेल्या इन्शुलिनची खूण आहे. ती अस्वच्छता नव्हे. पण ‘नीट धूत नाहीस का’ हे आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकल्यावर बाई घासणी घेते. घासल्याने त्वचा आणखी जाड आणि आणखी काळी होते. मग ‘इंटिमेट वॉश’ची बाटली येते. योनिमार्गाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) निरोगी स्थितीत ३.८ ते ४.५ असतो आणि तिथले उपयोगी जिवाणू तो राखतात. आत पाणी किंवा साबण गेला की ते जिवाणू कमी होतात आणि मासळीसारख्या वासाचा पांढरा-करडा स्राव सुरू होऊ शकतो. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीच नको. काळेपणा उतरतो तो इन्शुलिन उतरल्यावर, सावकाश, काही महिन्यांत.

याच जागी आणखी एक चूक होते. रेझर फिरवल्यावर केस त्वचेत वळून पुळ्या येतात, खाज येते, आणि शेजारच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आणली जाते. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं. केस मुळापासून काढण्यापेक्षा कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करणं इथे अधिक सुरक्षित. जांघेत किंवा काखेत खोल, दुखऱ्या, पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या गाठी येत असतील तर त्या साध्या पुळ्या नसण्याची शक्यता आहे. घामाच्या जागी होणारा एक जुनाट त्वचारोग पीसीओएससोबत अधिक आढळतो. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुखतं, ते कशामुळे?

पीसीओएसमुळे संबंधाच्या वेळी दुखत नाही. त्या बारीक बीजपिशव्यांना दुखण्याचं कारण नाही. म्हणून ‘पीसीओडी आहे, थोडं दुखणारच’ हे उत्तर मान्य करू नका.

कुठे दुखतं यावर पुढची दिशा ठरते. तोंडाशीच दुखत असेल, आग होत असेल तर कोरडेपणा, बुरशी, त्वचेचा दाह किंवा स्नायू आपोआप आवळले जाणं ही कारणं असतात. हे आवळणं मुद्दाम केलेलं नसतं आणि ‘सैल सोड’ असं म्हटल्याने सुटत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि टप्प्याटप्प्याने केलेला सराव याने बहुतेक जणींना फरक पडतो. आत खोलवर दुखत असेल, पाळीतही असह्य दुखत असेल, शौचाला बसताना त्या दिवसांत कळ येत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या विकाराचा) विचार हवा, आणि साध्या सोनोग्राफीत तो दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि ओटीपोटात दुखणं एकत्र असेल तर गर्भाशय-नलिकांचा संसर्ग तपासायला हवा. संबंधानंतर रक्त दिसणं हेही पीसीओएसचं लक्षण नाही. गर्भाशयाचं मुख तपासून घ्यायचं.

रक्तस्रावाचा एक धागा मात्र थेट पीसीओएसकडे जातो. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि तीन महिन्यांनी पाळी आली की पंधरा-वीस दिवस अंगावरून जात राहतं. अशा महिन्यांत संबंध बंद पडतात, रक्त कमी होतं, थकव्याने इच्छा उरत नाही. ९० दिवसांहून जास्त पाळी आली नाही तर गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून डॉक्टर १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात आणि पाळी आणवतात. हे फक्त सोयीसाठी नसतं. वर्षानुवर्षं वाढत राहिलेल्या अस्तराने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि एक गैरसमज, ज्याची किंमत मोठी असते: ‘मला पीसीओडी आहे, दिवस राहणार नाहीत.’ बीज अनियमित सुटतं, कधीच सुटत नाही असं नव्हे. मूल नको असेल तर गर्भनिरोधन लागतंच. मेटफॉर्मिन (इन्शुलिनचा प्रभाव सुधारणारी गोळी) सुरू केल्यावर किंवा वजन उतरल्यावर तर जास्तच, कारण तेव्हा बीज पुन्हा सुटायला लागतं.

मूल हवं असतं तेव्हा अडचण दुसरी. घरी वापरायच्या ओव्ह्युलेशन पट्ट्या एलएच हे संप्रेरक मोजतात आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेलं असू शकतं. त्यामुळे पट्टी आठवड्यात तीन-चार वेळा ‘आज’ म्हणते आणि दर वेळी दोघांना हुकमी संबंध ठेवावे लागतात. काही महिन्यांत इच्छा मरते; नवऱ्यालाही ताण येऊन ऐनवेळी ताठरता येत नाही, आणि मग भांडण होतं ते भलत्याच गोष्टीवरून. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असले तरी पुरतं. पट्टी बाजूला ठेवली तरी चालतं. बीज सुटावं म्हणून देतात त्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर बीज वाढतंय की नाही हे सोनोग्राफीत पाहता येतं.

लघवी: तीन तक्रारी, तीन वाटा

‘लघवीचा त्रास’ हा शब्द फार मोघम आहे. जळजळ, वारंवार जावं लागणं आणि गळती या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

जळजळीला आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि सब्जा किंवा धने-जिऱ्याचं पाणी देतात. पाणी कमी पडून लघवी दाट झाली असेल तर त्याने उतार पडतो. पण जळजळीसोबत सारखी घाई, थेंब-थेंब होणं, गढूळपणा असेल तर तो जंतुसंसर्ग, बहुतेकदा ई. कोलाय जिवाणूचा. पीसीओएसने संसर्ग थेट होतो असं म्हणायला आधार नाही. वाट जाते ती वाढलेल्या साखरेतून. त्याहून साधं कारण रोजच्या दिवसात असतं: लोकलचा दीड तास, स्टेशनवरचं नको वाटणारं शौचालय, म्हणून पाणीच न पिणं आणि आठ-आठ तास लघवी तुंबवणं. स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांच्या मागणीसाठी मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालली, ती याच प्रश्नातून.

लघवीला जळजळ थांबवणारं गोड सिरप लोक परस्पर घेतात. ते लघवीची आम्लता कमी करून आराम देतं, जंतू मारत नाही. शिवाय डॉक्टरांनी नायट्रोफ्युरॅन्टॉइन दिलं असेल तर त्यासोबत हे सिरप घेऊ नये, कारण आम्लता घटली की त्या प्रतिजैविकाचा प्रभाव कमी होतो.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे हे पाहणारी तपासणी) केल्याशिवाय पुढची गोळी नको. नमुना बिघडला तर रिपोर्टही बिघडतो, म्हणून तो असा घ्या: हात धुवा, बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे पुसा, योनीचे ओठ दोन बोटांनी बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीच्या आत बोट लावू नका. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्यायचा आणि लगेच पोचवायचा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवायचा. संबंधानंतर नेहमी त्रास होत असेल तर नंतर लघवी करून येण्याची सवय ठेवा आणि त्रास संबंधानंतरच होतो हे डॉक्टरांना सांगा, कारण त्यासाठी वेगळी औषधयोजना असते. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं आणि खाज, ही जळजळ बुरशीची असते. त्यावर प्रतिजैविक दिलं तर ती वाढते.

वारंवार जावं लागणं ही दुसरी तक्रार. इथे अंदाजावर जाऊ नका, मोजा. तीन दिवस स्वयंपाकघरातलं एक जुनं मापाचं भांडं बाजूला काढा. किती वाजता, किती मिली लघवी, किती प्यालात, रात्री किती वेळा उठलात, एवढं लिहा. दिवसाला साधारण सात-आठ वेळा जाणं चालतं. दर वेळी ७०–८० मिलीच होत असेल तर मूत्राशय चिडलेलं आहे किंवा संसर्ग आहे. दर वेळी ४०० मिली आणि दिवसाला ३ लिटरच्या वर जात असेल तर मूत्राशय ठीक आहे, लघवीच जास्त तयार होतेय, आणि पहिली शंका साखरेची.

साखर तपासायची तर फक्त उपाशीपोटीची पुरत नाही. पीसीओएसमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक नेमकी. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ असेल तर मधुमेहाचा उंबरठा, २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह. एकदा ठीक आली म्हणून सोडून द्यायची नाही. धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची.

दिवसा बरं आणि रात्री तीन वेळा उठावं लागतं, असं असेल तर घरच्यांना विचारा: मी घोरते का? मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? झोपेत श्वासमार्ग मिटण्याचा विकार पीसीओएस असलेल्या स्त्रियांत जास्त असतो. श्वास अडतो तेव्हा छातीत ओढ बसते, हृदयाच्या कप्प्याला ताण पडतो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी फार झालंय, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. म्हणजे झोपमोड होण्याचं कारण मूत्राशय नसून घसा असतो. बायकांच्या घोरण्याबद्दल घरात हसून विषय बदलतात, त्यामुळे हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

औषधंही पाहा. चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी व्हावेत म्हणून देतात ते स्पायरोनोलॅक्टोन मुळात लघवी वाढवणारं औषध आहे. ते सकाळी घ्या, पोटॅशियमची तपासणी चुकवू नका, आणि गर्भ राहणार नाही याची पक्की सोय असल्याशिवाय ते घेऊच नका. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्याने धोका असतो. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असेल तर साखर लघवीतून बाहेर पडते. वारंवार बुरशी होण्याचं तेही कारण असतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी केस-मुरुम सुधारतात, पण केसांवर फरक दिसायला निदान सहा महिने लागतात. बहुतेकींच्या इच्छेवर त्यांचा परिणाम होत नाही, काहींची इच्छा मात्र कमी होते. गोळी आपणहून बंद करू नका. तीन महिने पाहून तसं सांगितलं तर दुसऱ्या घटकांची गोळी देता येते.

गळती ही तिसरी. खोकताना, शिंकताना, पाण्याची घागर उचलताना सुटते ती स्नायूंच्या ढिलेपणाची; किल्ली दाराला लावता लावता सुटते ती घाईची. गळतीचं मोठं कारण वजन आणि बाळंतपणं. पीसीओएसचा वाटा वजनातून येतो. गंमत म्हणजे पुरुषी संप्रेरकं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना बळच देत असावीत, असं सुचवणारे अभ्यासही आहेत. वजन कमी केल्याने फरक पडतो हे मात्र पक्कं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत जाड स्त्रियांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं आणि गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या बाईसाठी ८ टक्के म्हणजे साडेसहा किलोच्या आत.

स्नायूंचा व्यायाम बहुतेक जणी चुकीचा करतात. वारा रोखून धरतो तसं गुदद्वार आणि लघवीची वाट आत-वर ओढायची. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असे ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता धार अडवून हा सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते. आणि संबंधाच्या वेळी स्नायू आवळून दुखत असेल तर हा व्यायाम सुरू करू नका. तिथे गरज सैल करण्याची आहे, आवळल्याने दुखणं आणखी वाढतं. घाईच्या गळतीसाठी वेगळी युक्ती: लागल्यासारखं वाटलं की जागीच थांबून चार-पाच वेळा पटापट आवळा, लाट ओसरू द्या, मग शांतपणे जा, दर आठवड्याला मधलं अंतर १५ मिनिटांनी वाढवा. दुपारनंतरचा चहा कमी करून पाहा.

काही गोष्टींत वाट पाहायची नाही: लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर पाठीत कळ, गरोदरपणात जळजळ, एकाएकी ओटीपोटाच्या एका बाजूला जीवघेणी कळ आणि उलट्या. तसंच काही महिन्यांतच आवाज घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं, शिश्निका (क्लिटोरिस) मोठी होणं; पीसीओएस इतक्या वेगाने काही करत नाही, तिथे अंडाशय किंवा (मूत्रपिंडावरच्या) अधिवृक्क ग्रंथीची गाठ शोधावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा. तीन दिवसांची लघवीची नोंद. चालू गोळ्या, आयुर्वेदिक काढ्यासह. घोरण्याबद्दल घरच्यांनी काय सांगितलं ते. खाली शेवटची ओळ: ‘संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच दुखतं’ किंवा ‘आत दुखतं’ किंवा ‘इच्छाच होत नाही’. सोबत सासू बसली असली तरी हा कागद टेबलावरून पुढे सरकवता येतो.